बदललं नाही, बदलण्यात आले

गेल्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर एक रिपोर्ट आला. आमची कंपनी लहानशी आहे, दादरपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांच्या लिफ्टचा मेंटेनन्स बघते. टेक्निशियनचे रिपोर्ट वाचायचे आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला मेल करायचे, हे माझं काम. रिपोर्टात होतं : 'चौथ्या व पाचव्या मजल्यावरील दरवाजांची लॉक बदलण्यात आली असून लिफ्ट सुस्थितीत आहे.' एकदम नेटकं, वेलांट्या जागच्या जागी. खरं तर तिथेच संशय यायला हवा होता. आमचे सावंत आयुष्यात कधी 'बदलण्यात आली असून' लिहिणार नाहीत. ते 'मजला'सुद्धा म्हणत नाहीत, माळा म्हणतात. पण संशय आला तो स्टोअरच्या वहीमुळे. त्या दिवशी सावंतांच्या नावावर एकच लॉक गेलं होतं.

फोन लावला तर म्हणाले, "मॅडम, मी बरोबरच बोललोय. चौथ्या माळ्याचं लॉक बघितलं, आज बदललं नाही, पाचव्याचं बदलून टाकलं."

त्यांच्या फोनमध्ये जे बोलून लिहिण्याचं ॲप होतं, त्यात मूळ उतारा जपून ठेवलेला असतो. तो उघडून बघितला. सावंत बोलले होते ते शब्दन् शब्द तिथे होतं, 'नाही'सकट. म्हणजे ऐकण्यात चूक झालीच नव्हती. ऐकलेलं नीटनेटकं करताना तो 'नाही' गळून पडला होता. लिफ्टच्या धंद्यात दरवाजाचं लॉक म्हणजे काय हे सांगायला नको. ते नीट लागलं नाही, तर लिफ्ट जागेवर नसताना दरवाजा उघडू शकतो.

तेव्हापासून ही सॉफ्टवेअर आतून चालतात कशी, ते समजून घ्यायचा मला नाद लागला. आता ऑफिसात नवीन माणूस आला की त्याला हे मलाच समजवायला लावतात, म्हणून एकदाचं लिहून काढते.

पहिली गोष्ट. 'एआय डिक्टेशन' म्हणून जे मिळतं ते बहुतेकदा एक यंत्र नसतं, एकामागे एक बसवलेली दोन यंत्रं असतात. पहिलं ऐकतं आणि शब्द उमटवतं. दुसरं त्या शब्दांना अंघोळ घालून, भांग पाडून बाहेर पाठवतं. फोनच्या कीबोर्डवरचा माइक किंवा गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग हे बहुतांशी पहिल्या यंत्राचं काम. हल्ली जी नवी ॲप 'तुम्ही कसंही बोला, आम्ही प्रोफेशनल मेल करून देऊ' म्हणतात, त्यांच्यात दुसरंही असतं. दोघांच्या चुकांची जात वेगळी आहे, आणि कुठली चूक कोणाची हे कळलं की निम्मी डोकेदुखी जाते.

माझी आत्या मंत्रालयात लघुलेखक होती. डिक्टेशन हा शब्द आमच्या घरात पन्नास वर्षं वापरात आहे. तिला हे दोन यंत्रांचं सांगितलं तर हसली. म्हणाली, "अगं, ही दोन्ही कामं मी एकटीच करायचे. साहेब म्हणायचे 'झालं', मी लिहायचे 'झाले'. साहेब एकच वाक्य तीनदा फिरवायचे, मी एकदाच लिहायचे. पण शंका आली की विचारायचे, साहेब, वाचून दाखवू का?" यंत्रात हे शेवटचं वाक्य नाही. त्याला शंका येतच नाही असं नाही. आतमध्ये प्रत्येक शब्दाला शक्यतेचा आकडा असतो, पण पडद्यावर सगळे शब्द सारख्याच ठाम अक्षरात येतात.

आता पहिलं यंत्र ऐकतं कसं?

माइकसमोर तुम्ही बोलता तेव्हा हवा थरथरते. ती थरथर सेकंदाला १६,००० वेळा मोजून आकड्यांत उतरवली जाते. मग या आकड्यांचे बारीक तुकडे पडतात, साधारण २५ मिलिसेकंदांचे आणि एकमेकांवर थोडे चढलेले, छपरावर कौलं चढवतात तसे. प्रत्येक तुकड्यात खालच्या पट्टीत किती जोर आहे, वरच्या पट्टीत किती, हे काढलं की आवाजाचं एक चित्र तयार होतं. 'आ' म्हटलं की चित्राचा खालचा भाग भरतो, 'स' म्हटलं की वरचा. जुन्या टेलिफोनच्या लाइनवर ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जायचा, आणि 'स'चा बराचसा जीव त्याच्या वरच असतो. म्हणून फोनवर स्पेलिंग सांगताना 'एफ नाही, एस, एस फॉर सुरत' करत बसावं लागायचं. यंत्राचंही तसंच आहे. चित्राचा वरचा भाग पुसट झाला की ते चाचपडतं.

चित्र मिळाल्यावर यंत्र करतं तो अंदाज. या आवाजाच्या चित्राला आणि आतापर्यंत लिहिलेल्या शब्दांना धरून पुढे काय येण्याची शक्यता जास्त, एवढाच प्रश्न ते पुन्हापुन्हा स्वतःला विचारतं. आपणही तेच करतो म्हणा. कुर्ला स्टेशनवर अनाउन्समेंट निम्मी ऐकू येते, तरी 'पुढील लोकल' कानावर पडलं की उरलेलं आपण मनात भरून घेतो. यंत्राला ही सवय लागते ती ढीगभर ऐकून. ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये खुलं केलेलं 'व्हिस्पर' हे मॉडेल ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेलं आहे. न थांबता ऐकायचं म्हटलं तर ७७ वर्षं लागतील. पण त्यातला मोठा वाटा इंग्रजीचा. बाकीच्या ९६ भाषांच्या वाट्याला मिळून १ लाख १७ हजार तास, आणि त्यात आपण कुठेतरी कोपऱ्यात. इंग्रजीत चांगलं चालणारं ॲप मराठीत का अडखळतं, याचं साधं कारण हे आहे. त्यानं आपल्याला फारसं ऐकलेलंच नाही.

पूर्वीपेक्षा परिस्थिती कितीतरी बरी आहे, हेही खरं. १९५२मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 'ऑड्री' नावाचं यंत्र केलं होतं, ते फक्त आकडे ओळखायचं. १९९०मध्ये 'ड्रॅगनडिक्टेट' आलं, त्याच्याशी प्रत्येक. शब्दानंतर. थांबत. बोलावं लागायचं. सलग बोलता येईल असं त्याचं पुढचं रूप १९९७मध्ये आलं. मराठी मात्र गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये दाखल झाली ऑगस्ट २०१७मध्ये, इतर सात भारतीय भाषांबरोबर. या इतिहासातून एकच कामाची गोष्ट उचलायची : तुटक बोलायचा जमाना गेला. उलट आता तुटक बोललात तर चुका वाढतात. यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, त्यामुळे त्याला पूर्ण वाक्य द्या. वाक्य मनात जुळवा, मग एका दमात बोला. आत्याचे काही साहेब तसंच करायचे. खिडकीबाहेर बघत दोन मिनिटं गप्प, मग सलग परिच्छेद.

गप्प राहायचं असेल तर माइक मात्र बंद करा. अंदाज बांधायची सवय लागलेल्याला शांतता सहन होत नाही. व्हिस्परसारखी मॉडेल शांत जागी कधीकधी कोणीच न बोललेलं वाक्य लिहून टाकतात. वेबवरच्या व्हिडिओंच्या सबटायटलवर वाढल्यामुळे 'पाहिल्याबद्दल धन्यवाद' छापाचं काहीतरी. २०२४मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिस्परचे इंग्रजी उतारे तपासले, तेव्हा सुमारे १ टक्का उताऱ्यांत अशी मनची वाक्यं सापडली. बोलताना जास्त अडणाऱ्या, थांबणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे प्रमाण अधिक होतं.

मुंबईत शांततेपेक्षा गोंगाटाचीच काळजी मोठी. इथे माझं मत पक्कं आहे. महागड्या ॲपपेक्षा वायरचा साधा इयरफोन जास्त काम करतो, लोकलमध्ये विकायला येतो तसला. मोकळ्या हवेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाजाचा जोर चौथाईवर येतो. समोरच्या मेट्रोच्या ड्रिलिंगचा जोर मात्र तेवढाच राहतो. लॅपटॉपचा माइक तोंडापासून दोन हात लांब, आणि त्याच्या शेजारी त्याचाच पंखा. इयरफोनचा माइक हनुवटीखाली. ब्लूटूथवाल्यांनी एक लक्षात ठेवावं : पुष्कळ ब्लूटूथ इयरफोन माइक चालू झाला की आवाजाची प्रत खाली आणतात, काही तर थेट जुन्या टेलिफोनच्या पातळीवर. गाणी झकास ऐकू येतात म्हणून माइकही झकास असेल असं नाही.

भाषेचं सेटिंग ही दुसरी दुर्लक्षित जागा. आमच्याकडे अर्ध्या टेक्निशियनच्या फोनवर हिंदी सेटिंग होतं. मराठी बोलायचे, आणि काळाचौकीचं 'काला चौकी' होऊन यायचं. हिंदीत 'ळ' नाही, तर ते यंत्र तो आणणार कुठून? इंग्रजी सेटिंगवर मराठी आडनावांची जी दशा होते ती सांगण्यासारखी नाही. आपण बोलतो ती तिन्ही भाषांची भेळ : 'सेक्रेटरी बोलला की पेमेंट नेक्स्ट वीक करतो.' यातली क्रियापदं मराठी आहेत ना, मग सेटिंग मराठीच ठेवा. इंग्रजी शब्द देवनागरीत येतील, फार तर 'फाइल'चं 'फाईल' होईल. तेवढं चालतं. बऱ्याच ॲपमध्ये स्वतःची शब्दयादी भरायची सोय असते. तिथे सोसायट्यांची नावं, माणसांची आडनावं, धंद्यातले शब्द एकदा टाकून ठेवले की अंदाजाचं पारडं त्या बाजूला झुकतं. आम्ही तीस-चाळीस शब्द टाकले, आणि 'गव्हर्नर रोप'चा, म्हणजे लिफ्टचा वेग आवरणाऱ्या यंत्राच्या दोराचा, लाटसाहेबाशी असलेला संबंध एकदाचा तुटला.

मराठीतली सगळ्यात मोठी खोड आकड्यांची. बोलताना आपण 'पावणेदोनशे' म्हणतो. यंत्रानं त्याचं १७५ करायचं, की 'पावणे २००'? 'साडेदहा हजार' कधी १०,५०० होतं, कधी 'साडे १० हजार'. 'अडीच' आणि 'दीड'चंही तेच. त्यातून एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. घाईत बोलताना फरक उरतो तो शेपटाचा, आणि शेपूटच आपण गिळतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जोडाक्षरांमुळे मुलांना हे आकडे जड जातात, असं तेव्हा सांगितलं होतं. तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आता कोटेशन बोलून लिहिताना स्वतःच 'सात नऊ शून्य शून्य' असं एकेक अंक सुटा बोलते. रक्कम, तारीख, फोन नंबर एवढं तरी बोटांनी टाइप करावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. ते बोलून वाचणारा वेळ दहा सेकंदांचा, आणि चुकलं तर निस्तरायला दोन दिवस.

आता दुसरं यंत्र. मराठी ऑफिसात त्याची गरज जरा जास्तच लागते, कारण आपण एका मराठीत बोलतो आणि दुसऱ्या मराठीत लिहितो. तोंडात 'केलं, सांगितलंय, बघतो', कागदावर 'केले, सांगितले आहे, पाहतो'. शिवाय 'म्हणजे', 'काय झालं की', 'ते आपलं हे' हा बोलण्यातला पाचोळा. ऐकणारं यंत्र हे सगळं इमानेइतबारे उमटवतं, आणि ते वाचवत नाही. म्हणून पुढे एक भाषेचं मोठं मॉडेल बसवतात. ते पाचोळा झाडतं, वाक्यं जोडतं, विरामचिन्हं टाकतं, 'ऑफिस मध्ये'चं 'ऑफिसमध्ये' करतं.

हे मॉडेल आवाज ऐकत नसतं, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. त्याच्या हातात फक्त उतारा पडतो. सावंत 'नाही'वर किती जोर देऊन बोलले, ते त्याला ठाऊकच नाही. त्याला दिसल्या दोन माळ्यांच्या दोन लॉकच्या गोष्टी, सारख्या वाटणाऱ्या, आणि हुकूम होता सुटसुटीत करायचा. त्यानं दोन वाक्यांची मोट बांधली. पोटभाडेकरूनं घरमालकाच्या वतीनं सही करावी तसा प्रकार.

आणि खरी मेख इथे आहे. जुन्या डिक्टेशनची चूक चुकीसारखी दिसायची. 'काला चौकी' दिसलं की कुणीही थबकतं. दुसऱ्या यंत्राची चूक प्रमाण मराठीत, पूर्णविरामासकट येते. डोळा तिच्यावरून घसरतो. माझाच घसरला होता.

म्हणून वेळेचा हिशेब जरा वेगळा मांडावा लागतो. सरकारी टंकलेखनाच्या परीक्षेत मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द मागतात. लघुलेखनाच्या वरच्या परीक्षेत १२०, म्हणजे जवळपास बोलण्याचा वेग. २०० शब्दांचा रिपोर्ट टाइप करायला सातेक मिनिटं, बोलायला दोनच्या आत. पाच मिनिटं वाचली म्हणून लोक खूश होतात आणि 'सेंड' दाबतात. टाइप करताना मात्र आपण लिहितालिहिता वाचतही असतो, ती तपासणी त्या सात मिनिटांत फुकट मिळत होती. बोलताना ती मिळत नाही. दोन मिनिटं बोलण्याची आणि दोन मिनिटं वाचण्याची धरली तरी तीन मिनिटं वाचतात, आणि दिवसाला दहा रिपोर्ट असतील तर अर्धा तास. तेवढ्यात समाधान मानावं.

कशासाठी वापरायचं, याला फार डोकं लागत नाही. साइटवरचा रिपोर्ट, मीटिंगचं इतिवृत्त, सेक्रेटरीला लांबलचक समजावणारा मेल, जिथे शब्द जास्त आणि आकडे कमी. 'ओके, नोटेड' टाइप करणंच बरं. राजीनामा आणि माफीचं पत्र हातानं लिहावं, हे आपलं माझं.

आवाज जातो कुठे, हे मात्र विचारा. काही सॉफ्टवेअर फोनवरच ऐकतात, काही आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. ओळखायची सोपी युक्ती : विमान मोड लावा, वाय-फायही बंद करा आणि बोलून बघा. लिहिलं गेलं तर यंत्र तुमच्या हातात आहे, नाही तर ते दुसरीकडे कुठेतरी बसलंय. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला. ग्राहकाचं नाव, नंबर, पत्ता ही त्याची माहिती आहे, आणि ती कुठल्या ॲपला ऐकवायची हे टेक्निशियननं नव्हे, ऑफिसनं ठरवायला हवं. आम्हीही ते उशिराच ठरवलं. बाकी सर्व्हरची एवढी चिंता करणारे आमचेच एक साहेब ठाण्याच्या फास्टमध्ये उभ्याउभ्या पगारवाढीचा मेल डिक्टेट करत होते. घाटकोपर येईपर्यंत अख्ख्या डब्याला आकडे पाठ.

सावंतांच्या रिपोर्टनंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. नीटनेटक्या मजकुराखाली मूळ उतारा आता तसाच चिकटवून येतो, 'म्हणजे' आणि 'ते आपलं'सकट. सेक्रेटरीला तो जात नाही, पण मी आधी तोच वाचते. दुसरी गोष्ट सावंतांनीच शोधली. एकटा 'नाही' गळून पडतो ना, मग 'नाही' वापरायचंच कशाला? आता ते 'बदललं नाही' म्हणतच नाहीत. कालचा रिपोर्ट असा होता : "तिसऱ्या माळ्याचं लॉक बाकी. पाचव्याची रोलर बाकी. लिफ्ट बंद करून बोर्ड लावलाय. सेक्रेटरी चिडलाय."

यंत्रानं त्याचं केलं : 'तिसऱ्या मजल्यावरील लॉक व पाचव्या मजल्यावरील रोलर बदलणे बाकी आहे. लिफ्ट बंद करून सूचनाफलक लावण्यात आला आहे. सचिवांनी नाराजी व्यक्त केली आहे.'

शेवटचं वाक्य मी काढून टाकलं आणि मेल पाठवला.